वाडा आणि मागची बिल्डिंग: दोन्हीकडे एकच नेटवर्क कसं करायचं

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या वाड्यात तळमजल्यावर वहिनींचा अकाउंटिंगचा क्लास आहे. मागचं अंगण ओलांडलं की त्याच आवारात दादाने बांधलेली तीन मजली बिल्डिंग, आणि तिच्या पहिल्या मजल्यावर त्याचं टॅक्सचं ऑफिस. इंटरनेट ऑफिसात, मोठा प्रिंटर ऑफिसात, टॅलीचा डेटा ऑफिसात. पंधरा कॉम्प्युटर मात्र क्लासात. दोन्ही जोडायचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा नवा होतो, हौस दांडगी होती आणि कॅट-सिक्स या तांब्याच्या लॅन केबलचं अख्खं खोकं घरात पडून होतं. या गच्चीवरून त्या गच्चीवर केबल ओढली, दोन्हीकडे स्विचमध्ये, म्हणजे सगळी यंत्रं नेटवर्कला जोडणाऱ्या डब्यात खोचली, हिरवे दिवे लुकलुकले. वहिनींनी शिरा केला.

जूनमध्ये पहिलं वादळ आलं. वीज आमच्यावर पडली नाही, कुठेतरी जवळपास पडली असावी. सकाळी पाहतो तर दोन्ही स्विच मेलेले, तीन कॉम्प्युटरांचे लॅन पोर्ट गेलेले आणि प्रिंटरचं नेटवर्क कार्डही. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, शिरा परत द्या."

तेव्हापासून अशी बरीच जोडणी केली आहे, इथेही आणि शहरात इतरत्रही. पहिल्यांदाच करणाऱ्यासाठी क्रमाने सांगतो. जिथे माझं स्वतःचं नाक कापलं गेलं तिथे जरा जास्त थांबेन.

आधी हे ठरवून टाका: मधल्या मोकळ्या जागेत तांबं नको

प्रत्येक इमारतीचं अर्थिंग वेगळं असतं. मीठ-कोळशाचा खड्डा इथे एक, तिथे एक. एरवी दोन्ही खड्ड्यांच्या जमिनीची पातळी, म्हणजे विजेच्या भाषेतली पातळी, जवळपास सारखी असते. आसपास वीज पडली की एका बाजूची जमीन क्षणभर हजारो व्होल्टने वर उचलली जाते. दोन्हीकडच्या यंत्रांना जोडणारी तांब्याची तार असेल तर हा फरक त्या तारेतून वाट काढतो. लॅन पोर्टच्या आत एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. तो साधारण १५०० व्होल्टपर्यंत आड उभा राहतो, त्यापुढे नाही. शिवाय गच्चीवरून हवेत लटकणारी तार म्हणजे अँटेनाच. वीज थेट पडायचीही गरज नसते.

"मग शील्डवाली केबल घेतो", म्हणजे धातूचं वेष्टण असलेली, असं पुष्कळ जण म्हणतात. दोन्ही टोकांना शील्ड अर्थला जोडलं की दोन खड्डे तुम्ही स्वतःच्या हाताने एकमेकांना बांधलेत. रोज थोडा थोडा करंट त्यातून फिरत राहतो.

तांब्याची दुसरी मर्यादा लांबीची. स्विचपासून स्विचपर्यंत, मधल्या छोट्या जोडकेबली, म्हणजे पॅचकॉर्ड, धरून, १०० मीटर. त्यापुढे कधी चालतं, कधी चालत नाही, आणि चालत नाही ते नेमकं जीएसटी भरायच्या शेवटच्या दिवशी.

राहिले दोन मार्ग. मधली जागा तुमची असेल तर फायबर, म्हणजे काचेतून प्रकाश नेणारी केबल. मध्ये सार्वजनिक रस्ता किंवा दुसऱ्याचं छप्पर असेल तर समोरासमोर बसवलेली वायरलेस जोडी. फायबर शक्य असताना वायरलेस करू नका, हे माझं मत आहे आणि त्यावर मी वाद घालायला तयार आहे.

फूटपट्टी घेऊन चाला

आमच्या दोन गच्च्यांमधलं सरळ अंतर २८ मीटर. केबल जिथून प्रत्यक्षात जाणार तो रस्ता मोजला तेव्हा ६१ भरला: स्विचपासून भिंतीवर, खिडकीच्या वरून बाहेर, खाली, कंपाउंडच्या कडेने, परत वर, आत. यात दोन्ही टोकांना पाच-पाच मीटरचं वेटोळं धरा, कारण उद्या टोक खराब झालं तर कापून नवं करायला केबल हाताशी लागते. मी ८० मीटर मागवली. उरलेली केबल गुंडाळून ठेवता येते, कमी पडलेली मात्र ताणून वाढत नाही.

मोजताना तीन गोष्टी वहीत लिहा. विजेच्या तारा कुठून जातात, पावसाचं पाणी कुठे साठतं आणि आधीच असलेला पाइप कुठे आहे का. आमच्याकडे जुन्या पाण्याच्या लाइनचा रिकामा पाइप निघाला, अर्धं खोदकाम वाचलं. एमजीव्हीसीएलच्या, म्हणजे इथल्या वीज कंपनीच्या खांबाला केबल बांधायचा मोह होईल. बांधू नका, तो खांब तुमचा नाही आणि वरची तार तर यमाचीच. रस्ता ओलांडायचा असेल, हवेतून असो वा जमिनीखालून, तर महानगरपालिकेची परवानगी हवी.

फायबर कोणतं घ्यायचं

दुकानात गेलं की प्रश्नांचा मारा होतो. तुम्ही एवढंच सांगा: सिंगल मोड, बाहेर टाकायची काळ्या आवरणाची, चार कोअरची. कोअर म्हणजे आतला काचेचा एकेक धागा. काम एका किंवा दोन कोअरवर होतं, बाकीच्या राखीव. मल्टी मोडही मिळते आणि थोड्या अंतराला ती चालते. पण घरोघरी फायबरचं इंटरनेट आल्यापासून सिंगल मोडचं सामान गल्लोगल्ली मिळतं आणि जोडणारा माणूसही त्याच सामानाला सरावलेला असतो.

आता खिशात एक लोहचुंबक घेऊन जा. हसू नका. घरात इंटरनेटवाले आणतात त्या चपट्या ड्रॉप केबलमध्ये काचेशेजारी आधाराची तार असते. पुष्कळदा ती पोलादी असते. काच वीज नेत नाही म्हणून आपण फायबर घेतो आणि शेजारून पोलाद टाकून तोच ताप परत घरात आणतो! चुंबक चिकटला तर ती केबल नको. आधाराला एफआरपीची, म्हणजे काचतंतू-प्लास्टिकची काडी असलेली मागा. उंदीर-घुशींच्या भीतीने कोणी आर्मर्ड केबल गळ्यात मारेल. ती घेतलीत तर तिचं लोखंडी कवच इमारतीच्या बाहेरच सोलून संपवावं लागतं आणि अर्थ करावं लागतं. त्यापेक्षा साधी केबल जाड पाइपातून न्या. घूस आधी पाइपाशी झुंजेल.

टोकांचं काय? एक सोय अशी की कारखान्यातून दोन्ही टोकांना कनेक्टर बसवलेली केबल हव्या त्या लांबीत मिळते. कनेक्टरसकट ओढायची असल्याने पाइप आणि भोक किमान इंचभर हवं. दुसरी सोय म्हणजे स्प्लायसिंगवाल्याला बोलवायचं. तो मशीनने काचेला काच वितळवून जोडतो, पंधरा-वीस मिनिटांत एक टोक होतं. हाताने दाबून बसवायचे फास्ट कनेक्टर मी रात्रीपुरते वापरतो, सकाळी काढतो.

हिरवं, निळं आणि लीलुं

या भागात आमच्या शहराची एक खास गंमत आहे. फायबरच्या टोकाला लागणारे एससी कनेक्टर दोन रंगांत येतात. निळ्याचं टोक सरळ घासलेलं असतं, हिरव्याचं आठ अंशांनी तिरकं. निळ्यात निळा जातो, हिरव्यात हिरवा. एकमेकांत घातले तर बसतात, खटकन आवाजही करतात, पण काचेला काच नीट टेकत नाही आणि प्रकाश मधल्या फटीत वाया जातो. मीडिया कन्व्हर्टरला, म्हणजे फायबर आणि लॅन जोडणाऱ्या डबीला, बहुतेक वेळा निळा लागतो, घरच्या इंटरनेटच्या डब्यात हिरवा असतो.

मी दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "लीलां पड्यां छे, चालशे?" मागे ट्रॅफिकचा गोंगाट. मला ऐकू आलं "निळां". मी म्हटलं, "चालशे, मोकलावो." गुजराथीत लीलुं म्हणजे हिरवं, हे मला जन्मापासून माहीत आहे, या गावात दुधीसुद्धा आम्ही दोन भाषांत विकत घेतो. तरी कान मराठीच राहिला. आठ पॅचकॉर्ड आले, सगळे हिरवे. मी रंग न बघता लावले आणि दोन तास कन्व्हर्टर खराब आहे असं समजून त्याच्याकडे डोळे वटारत बसलो. फोनवर रंग सांगू नका. हिरव्याला एपीसी आणि निळ्याला यूपीसी म्हणतात, ते सांगा किंवा फोटो पाठवा.

केबल टाकताना

जमिनीखालून नेणार असाल तर पाइप सलग ठेवा आणि काटकोनी बेंड टाळून लांब वळणाचे वापरा. पाइपातून केबल ओढताना सोबत एक नायलॉनची दोरी आत सोडून ठेवा. पुढे कधी दुसरी केबल ओढायची झाली तर ती दोरी सोन्याची वाटते. ओढताना जोर कनेक्टरवर किंवा काचेवर नको, आधाराच्या काडीवर हवा.

वळण किती घट्ट चालेल याचा सोपा हिशेब: ओढताना केबलच्या जाडीच्या वीसपट त्रिज्या, बसवून झाल्यावर दहापट. पाच मिलिमीटरची केबल असेल तर ओढताना दहा सेंटीमीटर, नंतर पाच. वाड्याच्या भिंतीच्या कोपऱ्यावर कारागीर प्रेमाने हातोडीने खिळा ठोकून केबल चपटी बसवतात. तिथे उभे राहा आणि त्यांचा हात धरा. प्लास्टिकच्या टायही आवळून बांधू नका. टाय बांधल्यावर केबल आत हलली पाहिजे.

भिंतीला भोक पाडताना ते बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं पाडा. भोकात शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी केबलवरून ओघळत आत येण्याऐवजी झोळाच्या तळाशी टपकून जातं. एवढ्या एका गोष्टीने माझे दोन स्विच वाचलेत.

स्प्लायसिंग चालू असताना काचेचे केसासारखे तुकडे पडतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, बोटात मात्र जातात. चिकटपट्टी उलटी ठेवून तिच्यावर गोळा करायला सांगा आणि त्या टेबलावर त्या दिवशी कोणी डबा उघडायचा नाही. चालू फायबरच्या टोकात डोळा लावून "लाइट येते का" बघू नका. ती लाइट अवरक्त असते, दिसत नाही, पण डोळ्यात शिरते.

उत्तरायण

उत्तरायण म्हणजे इथली पतंगांची संक्रांत. हे वेगळं लिहावं लागतं, कारण बाहेरगावच्या मार्गदर्शकात हे सापडणार नाही. तांब्याच्या केबलनंतर मी फायबरही पहिल्यांदा गच्चीवरूनच नेली होती. खोदायचा कंटाळा. जानेवारी आला. १४ तारखेला सगळं शहर धाब्यावर. इथे गच्चीला मराठी माणूससुद्धा धाबंच म्हणतो. दुपारपर्यंत केबलवर सात-आठ कापलेल्या पतंगांचे दोरे अडकले होते. काचेची पूड लावलेला मांजा केबलवरून सर्रकन घासत गेला की आवरणावर करवतीसारखी रेघ पडते. तेवढ्याने तुटली नाही. पण समोरच्या मुलाने आमच्या केबलला अडकलेला पतंग सोडवायला बांबूला काटेरी झुडूप बांधून, ते दोरात गुंडाळून, दोन्ही हातांनी ओढलं. "काप्यो छे!" त्याने काय कापलं ते त्याला कधीच कळलं नाही. नेट गेलं, दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायण, स्प्लायसिंगवाला स्वतःच धाब्यावर. तिसऱ्या दिवशी तो आला.

म्हणून हवेतून नेऊच नका. नाइलाज असेल तर गच्चीच्या उंचीवर नको, पहिल्या मजल्याच्या सज्जाखालून न्या. तिथे पतंग कमी येतात.

मीडिया कन्व्हर्टर

फायबरमधला प्रकाश आणि स्विचमधली लॅन यांच्यामधला हा दुभाषा. जोडीने घ्या. एकाच कोअरवर चालणाऱ्या जोडीत एक 'ए' आणि एक 'बी' असतो: एक १३१० नॅनोमीटरवर बोलतो आणि १५५० वर ऐकतो, दुसरा उलटा. दोन्ही 'ए' आले तर दोघंही बोलतात आणि ऐकत कोणीच नाही, आमच्या हाउसिंग सोसायटीच्या मीटिंगसारखं.

डब्यावर १०/१००/१००० लिहिलेलं पाहा. फक्त १०/१०० असेल तर सगळं नेटवर्क त्या एका डबीच्या वेगाने रांगेल. थोडा स्वस्त म्हणून पुष्कळ जण हाच घेऊन येतात. स्विचमध्ये एसएफपीची, म्हणजे फायबरचं मॉड्यूल बसवायची खाच असेल तर कन्व्हर्टर लागतच नाही, एसएफपी मॉड्यूल सरळ आत बसतं. अॅडॉप्टर एक कमी, बिघडायची जागा एक कमी. ८० किलोमीटरवाली मॉड्यूल 'जास्त पॉवर' म्हणून घेऊ नका. ६० मीटरवर एवढा झोत समोरच्याच्या डोळ्यात टॉर्च मारल्यासारखा होतो आणि मॉड्यूल जळूही शकतं. १० किंवा २० किलोमीटरची पुरे.

लिंकचा दिवा लागला नाही तर या क्रमाने बघा. कनेक्टरचे रंग. ए-बी जोडी. दोन कोअरची जोडणी असेल तर दोन कोअर अदलाबदल करून. मग टोकं पुसा, शर्टाने नव्हे तर तंतू न सुटणाऱ्या कागदावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन. शेवटी स्प्लायसिंगवाल्याच्या पॉवर मीटरने मोजा. १३१० वर काचेत प्रकाश किलोमीटरला साधारण ०.३५ डेसिबलच घटतो, म्हणजे ६० मीटरला जवळपास काहीच नाही. दोन कनेक्टर आणि दोन स्प्लाइस धरून दीड डेसिबलच्या आत बसायला हवं. चार-पाच डेसिबल जात असतील तर कुठेतरी धूळ आहे किंवा केबल मुरगळली आहे.

मध्ये रस्ता असेल तर

रावपुऱ्यात एका ओळखीच्यांचं दुकान रस्त्याच्या एका बाजूला आणि गोदाम समोर थोडं तिरकं, १२० मीटरवर. तिथे ५ गिगाहर्ट्झची वायरलेस जोडी लावली. या बँडचे मोठे पट्टे भारतात २०१८ पासून लायसन्सशिवाय वापरता येतात. यंत्राच्या सेटिंगमध्ये देश 'इंडिया' निवडला की पॉवरची मर्यादा ते स्वतः पाळतं.

दोन डिशनी एकमेकांना नुसतं पाहिलं तरी पुरत नाही. लहरींना पोटाकडे फुगलेल्या काकडीसारखी जागा लागते. १२० मीटरसाठी मधोमध ती साधारण सव्वा मीटर त्रिज्येची असते, आणि त्यातला किमान ६० टक्के भाग मोकळा हवा. पाण्याची टाकी, पत्र्याची शेड, जाहिरातीची पाटी यांपासून एवढं अंतर राखा. झाडाचं विशेष बघा. आम्ही फेब्रुवारीत लावलं तेव्हा मधल्या कडुनिंबाची पानं झडलेली होती आणि सिग्नल उणे ५२ डीबीएम (आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार). पावसाळ्यात ओल्या पानांनी झाड भरलं आणि सिग्नल उणे ७८ वर. झाड तोडायचा प्रश्नच नव्हता. डिश दीड मीटर बाजूला सरकवली.

दोन्ही यंत्रं आधी घरात टेबलावर सेट करा, गच्चीवर उन्हात लॅपटॉपच्या स्क्रीनवर काही दिसत नाही. एक अॅक्सेस पॉइंट, दुसरं स्टेशन, दोन्ही ब्रिज मोडमध्ये, म्हणजे मध्ये वेगळं नेटवर्क न करता. मूळचा पासवर्ड बदला. चॅनलची रुंदी ४० मेगाहर्ट्झ ठेवा. ८० वर वेग छापील मिळतो आणि शेजाऱ्यांचा गोंगाटही. मग वर नेऊन बसवा, एक जण इकडे, एक तिकडे, फोन चालू ठेवून. उणे ५० ते उणे ६० च्या दरम्यान आलं की थांबा. उणे ३५ आलं तर खूश होऊ नका, पॉवर कमी करा.

सोबतच्या पीओई अॅडॉप्टरला, म्हणजे लॅन केबलमधूनच वीज पाठवणाऱ्या डबीला, दोन भोकं असतात. एकावर 'पीओई' लिहिलेलं असतं ते डिशकडे, 'लॅन' लिहिलेलं स्विचकडे. काही स्वस्त अॅडॉप्टर विचारपूस न करता २४ व्होल्ट सोडतात. उलटं लावलं तर ते समोरच्या पोर्टात जातात. आणि लक्षात घ्या, डिशपासून खाली येणारी केबल तांब्याचीच आहे. तिला विजेचा झटका जमिनीत सोडणारा सर्ज अरेस्टर हवा, खांबाला अर्थिंग हवं, आणि डिश गच्चीवरची सर्वांत उंच वस्तू नको.

खरं नेटवर्क आता सुरू होतं

दिवे लागले म्हणजे काम झालं असं वाटतं. आमच्याकडे फायबर लागल्यावर तिसऱ्याच दिवशी: "भाऊजी, प्रिंटर परत दिसत नाही."

कारण क्लासात जुना वायफाय राउटर होता आणि मी फायबरकडून आलेली केबल त्याच्या वॅन, म्हणजे बाहेरून इंटरनेट घेणाऱ्या पोर्टात घातली होती. त्यामुळे क्लास हे नेटवर्कच्या आतलं वेगळं नेटवर्क झालं. इंटरनेट येत होतं, म्हणून वरवर सगळं ठीक. ऑफिसातला प्रिंटर मात्र पलीकडच्या भिंतीआड.

नियम एकच: दोन इमारतींत मिळून पत्ते वाटणारा एकच. पत्ते वाटणं म्हणजे डीएचसीपी. ते काम मुख्य राउटर करेल, दुसरा नुसता वायफाय देईल. जुना राउटर असा वळवा:

१. त्याला नेटवर्कपासून सोडवा, फक्त लॅपटॉप जोडा आणि सेटिंग उघडा.
२. त्याचा लॅनचा पत्ता बदला. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या. लॅपटॉप नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन मागेल.
३. वायफायचं नाव आणि पासवर्ड ऑफिससारखाच ठेवा. चॅनल मात्र वेगळा: २.४ गिगाहर्ट्झवर एकीकडे १, दुसरीकडे ६ किंवा ११.
४. सगळ्यात शेवटी डीएचसीपी बंद करा. आधी बंद केलंत तर लॅपटॉपला पत्ता मिळणार नाही आणि हाताने टाकत बसाल.
५. आता कन्व्हर्टरकडची केबल त्याच्या लॅन पोर्टात. वॅन पोर्टावर चिकटपट्टी लावा. खरंच लावा, साफसफाईत केबल निघाली की लावणारा मोकळं दिसेल त्या भोकात लावतो.

पत्त्यांची वाटणी कागदावर करा. मी १ ते ९ राउटर-स्विचना, २० पासून प्रिंटर आणि कॅमेऱ्यांना, आणि १०० ते २०० डीएचसीपीला ठेवतो. प्रिंटरला कायमचा पत्ता द्या, नाहीतर लाइट गेली की तो नवा पत्ता घेऊन येतो आणि पंधरा कॉम्प्युटर त्याला जुन्या पत्त्यावर शोधत बसतात. कुठल्या कॉम्प्युटरवर भलताच पत्ता दिसला, म्हणजे १९२.१६८.०.काहीतरी, तर समजा की कोणीतरी दुसरा वाटप करतोय. बहुतेक वेळा तो कोणी घरून आणलेला राउटर असतो.

एकदा क्लासातल्या मुलाने सैल लोंबणारी केबल नीटनेटकेपणाने त्याच स्विचच्या दुसऱ्या पोर्टात खोचली. दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये. दोन्ही इमारतींतले सगळे दिवे एकाच तालावर लुकलुकायला लागले आणि सगळं ठप्प. याला लूप म्हणतात. एक-एक केबल काढत गेलात की कुठल्या क्षणी शांत होतं ते कळतं. मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग करता येणारा स्विच असेल तर लूप आपोआप तोडणारं एसटीपी चालू ठेवा. फायबरला पर्याय म्हणून वायरलेसही जोडून ठेवायचा विचार असेल तर एसटीपीशिवाय करू नका, तोही लूपच.

विद्यार्थ्यांना दादाच्या फायली दिसायला नकोत, हे उघड आहे. त्यासाठी दोन्हीकडे स्मार्ट स्विच आणि दोन व्हीलॅन, म्हणजे एकाच तारेवरची वेगळी नेटवर्कं, लागतात, ऑफिस एक, क्लास दुसरा, एकाच फायबरवरून, आणि दोघांना वेगळे पत्ते देणारा राउटर. ते पहिल्या दिवशी करू नका. आधी साधं नेटवर्क आठवडाभर चालवा, तोवर सामायिक फोल्डरांना पासवर्ड लावा.

क्लास आणि ऑफिस तुमचंच असेल तोवर इंटरनेट वाटून घ्या, पण आधी कंपनीच्या अटी वाचा. शेजाऱ्यांना पैसे घेऊन देऊ लागलात तर ते लायसन्सचं काम झालं.

तपासणी

दोन्ही बाजूंना एक-एक लॅपटॉप, दोन्हीवर आयपर्फ हा वेग मोजणारा फुकट प्रोग्राम. गिगाबिट जोडणीवर ९४० मेगाबिटच्या आसपास आकडा यायला हवा. ९४ च्या आसपास आला तर कुठेतरी १०० ची डबी किंवा एक तार तुटलेली लॅन केबल आहे. वेगळं कारण शोधत बसू नका. मग रात्रभर पिंग, म्हणजे समोरच्या यंत्राला सतत हाक मारून उत्तराची वेळ मोजणारी आज्ञा, चालू ठेवा. फायबरवर उत्तर एक मिलिसेकंदाच्या आत येतं आणि एकही पॅकेट गळू नये. वायरलेसवर दोन-चार मिलिसेकंद ठीक.

इंटरनेटचा स्पीड टेस्ट ही याची तपासणी नव्हे. तो तुमच्या कंपनीचा वेग सांगतो, तुमच्या अंगणाचा नाही.

वीज, पाणी आणि एक कागद

दोन्हीकडच्या कन्व्हर्टरना यूपीएस हवा, एकीकडे ठेवून उपयोग नाही. लाइट फक्त वाड्यातली गेली तरी लिंक पडतेच. कन्व्हर्टर जेमतेम काही वॉट खातो, तेव्हा छोटा यूपीएससुद्धा पुष्कळ वेळ रेटतो.

डबा कुठे लावायचा हे ठरवताना २०१९ चा जुलैअखेर आणि २०२४ चा ऑगस्ट आठवा, विश्वामित्री नदी घराघरांत शिरली होती. तळमजल्यावर टेबलाखाली स्विच ठेवणाऱ्यांचे स्विच आधी गेले. छातीच्या उंचीवर भिंतीत लावा. पहिला मजला असेल तर तिथेच. जमिनीखालच्या पाइपाची दोन्ही तोंडं बंद करा, नाहीतर पाणी पाइपातून चालत आत येतं.

डब्याच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा. कुठली केबल कुठून आली, कुठल्या कोअर वापरात, कन्व्हर्टर ए कुठे आणि बी कुठे, राउटरचा पत्ता, स्प्लायसिंगवाल्याचा नंबर. पासवर्ड लिहू नका. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना एकच आकडा लावा.

वर्षातून दोनदा फेरी मारायची. एकदा मेअखेरीस, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालून आणि सर्ज अरेस्टरचा दिवा बघून. दुसऱ्यांदा १६ जानेवारीला सकाळी, कात्री घेऊन. डिशला आणि सज्जाखालच्या केबलला अडकलेला मांजा कापून काढायचा, ओढायचा नाही. वाड्याच्या डब्यावर वहिनींनी स्वतःच्या अक्षरात आणखी एक चिठ्ठी लावली आहे: "केबल मोकळी दिसली तर मोकळीच राहू द्यावी. भाऊजींना फोन करावा."